पंडिता रमाबाई आणि देवाचा विश्वासूपणा

पुण्याहून सोलापूर, गुलबर्गा, वाडी करत हैदराबादकडे येणारी गाडी दौंडच्या अलीकडे केडगाव नावाच्या एका लहान स्थानकावरून जाते. आपल्यापैकी अनेकांनी या मार्गाने कितीतरी वेळा प्रवास केला असेल. त्या गावात पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी तिथेच देह ठेवला. शाळेत असताना आपण त्यांच्यावर एखादा परिच्छेद वाचलेला असतो. संस्कृत विदुषी, शारदासदन, स्त्रीशिक्षण, धर्मांतर. एवढ्या चार शब्दांत त्यांची ओळख संपते. या लेखात आम्ही त्यांच्या आयुष्याकडे एका वेगळ्या बाजूने पाहणार आहोत. ती बाजू म्हणजे त्यांची श्रद्धा.

मराठी ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यात एक शब्द वारंवार येतो : देवाचा विश्वासूपणा. देवावर माणसाने विश्वास ठेवावा, हे आपल्या सगळ्यांच्या परिचयाचे आहे. देव स्वतः विश्वासू आहे, दिलेला शब्द तो पाळतो, माणूस डगमगला तरी तो डगमगत नाही, ही त्या शब्दामागची कल्पना. आम्ही सारी नोकरी बँकेत केली. त्यामुळे विश्वास म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे आधी तारण येते, मग जामीन, मग परतफेडीच्या तारखा. ज्याने वेळोवेळी शब्द पाळला त्याची पत वाढते, हा आमचा व्यवहारातला नियम. रमाबाईंच्या आयुष्याची खतावणी या नियमाने मांडली तर पहिली पंचवीस वर्षे नावे बाजूच भरत जाते, जमा बाजूला जवळजवळ काही दिसत नाही. तरीही शेवटी त्यांनी हिशेब पुरा झाल्याचे सांगितले. हे कसे, ते पाहण्यासारखे आहे.

टोपलीतून सुरू झालेला प्रवास

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातल्या गंगामूळ येथे झाला. हा भाग आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित होते. तरुणपणी पुण्यात शिकत असताना त्यांनी पेशव्यांच्या घरातील स्त्री संस्कृत शिकते हे पाहिले आणि आपल्या पत्नीलाही शिकवायचे असे ठरवले. घरच्यांनी विरोध केला. पहिली पत्नी वारल्यावर त्यांचा विवाह लक्ष्मीबाईंशी झाला आणि त्यांना मात्र शास्त्रीबुवांनी मन लावून शिकवले. लोकांनी नावे ठेवली. आपल्या वागण्याला शास्त्राचा आधार आहे हे त्यांना उडुपीच्या धर्मसभेपुढे सिद्ध करावे लागले. शेवटी ते अरण्यात घर बांधून राहिले. तिथे विद्यार्थी येत, पाहुणे येत, यात्रेकरू येत. या आदरातिथ्यात घरची सगळी मिळकत संपली.

रमा सहा महिन्यांची असताना हे घर मोडले. वेताच्या टोपलीत घालून, माणसाच्या डोक्यावरून, तिला डोंगराखाली आणण्यात आले. त्यानंतर या कुटुंबाला घर असे उरले नाही. एका तीर्थावरून दुसऱ्या तीर्थावर जायचे, देवळात पुराण सांगायचे, मिळेल त्यावर राहायचे आणि त्यातलेही दानधर्मात द्यायचे. लक्ष्मीबाई पहाटे मुलीला उठवून संस्कृत शिकवत. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत रमेला भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले होते.

मग १८७४ च्या सुमारास दक्षिणेत अन्नाचे हाल सुरू झाले. घरात पैसा नव्हता. अंगमेहनतीची कामे कोणाला येत नव्हती आणि भीक मागायची लाज वाटत होती. आधी दागिने गेले, मग भांडी, मग चांगली वस्त्रे. त्यातूनही व्रते, अनुष्ठाने, ब्राह्मणभोजने चालूच होती, कारण देव प्रसन्न होईल आणि संकट टळेल ही आशा होती. शेवटी सगळे कुटुंब तिरुपतीजवळच्या रानात शिरले. अकरा दिवस पाणी आणि झाडपाला यांवर काढले. वडिलांनी जलसमाधीचा विचार केला होता. मुलगा श्रीनिवास याने मजुरी करण्याची तयारी दाखवली म्हणून तो बेत राहिला. पण अनंतशास्त्री त्यातून उठले नाहीत. जाण्यापूर्वी त्यांनी धाकट्या मुलीला जवळ घेऊन सांगितले की मी तुला देवाच्या हाती दिले आहे, तू त्याची आहेस आणि जन्मभर त्याचीच सेवा कर.

पुढे आई गेली. तिला स्मशानात न्यायला पुरेशी माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण तयार झाले आणि बाकीचा भार भाऊ-बहिणीने उचलला. रमा ठेंगणी, खांद्याला खांदा पुरेना, म्हणून तिने तिरडीची आपली बाजू डोक्यावर घेतली. त्यानंतर थोरली बहीण कृष्णाबाईही गेली.

उरलेली दोघे भावंडे हजारो मैल पायी हिंडली. काश्मीरपर्यंत गेली. झेलमच्या काठी थंडी सोसेना म्हणून वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून ती रात्री काढत. कधी मूठभर धान्य पाण्यात भिजवून, त्याला मीठ लावून खात. शास्त्रात सांगितलेले सगळे नियम आपण पाळले, देवाला द्यायचे ते दिले, मग देवाने आपल्याला का टाकले, हा प्रश्न त्यांना छळत होता. दोघांचाही जुन्या श्रद्धेवरचा भरवसा याच वाटचालीत गेला. ही गोष्ट इथे नोंदवून ठेवायला हवी, कारण पुढे रमाबाईंची जी श्रद्धा घडली ती या प्रश्नाला वळसा घालून आलेली नाही.

मान, संसार आणि पुन्हा एकाकीपण

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्याला पोहोचली. वीस वर्षांची ही मराठी मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, पंडितांच्या प्रश्नांना उत्तरे देते, हे पाहून कलकत्ता थक्क झाले. तिथल्या विद्वानांनी परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी तिच्या हाती वेद दिले, जे स्त्रीने वाचू नयेत असे ती लहानपणापासून ऐकत आली होती.

१८८० मध्ये भाऊ वारला. आईवडिलांच्या कुटुंबात आता तिला कोणी उरले नाही. त्याच वर्षी तिने भावाचे मित्र, ब्राह्मणेतर बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. आसाममधल्या सिल्चरला संसार मांडला. १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. सिल्चरच्या घरात लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत रमाबाईंच्या हाती लागली आणि त्या ती वाचू लागल्या. पतीला ते फारसे रुचले नाही. पण ही चर्चा पुढे जाण्याआधीच फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबाबू गेले. संसाराला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती.

वयाच्या चोविसाव्या वर्षीच वडील, आई, बहीण, भाऊ, पती असे सगळे गेले होते. कडेवर दहा महिन्यांची मुलगी होती. देव विश्वासू आहे असे त्या वेळी त्यांना कोणी सांगितले असते तर त्यांनी काय म्हटले असते, याचा विचार वाचकांनीच करावा.

त्याच वर्षी रमाबाई पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाज स्थापन झाला. रमाबाई रानडे त्यांच्या सभांना जात आणि त्यासाठी घरात बोलणी खात. हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना पंडिताबाईंनी स्त्री शिक्षकांची आणि स्त्री डॉक्टरांची गरज ठामपणे मांडली. याच काळात त्यांची काशीचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्याशी ओळख झाली. हे थोर पंडित ख्रिस्ती होऊन फादर नेहेम्या गोऱ्हे झाले होते. स्त्रीधर्मनीती हे पुस्तक लिहून, त्याच्या विक्रीतून वाटखर्च उभा करून, १८८३ मध्ये रमाबाई मुलीसह इंग्लंडला गेल्या. इच्छा होती वैद्यकी शिकण्याची. पण कानांनी दगा दिला. बहिरेपण वाढत होते, त्यामुळे तो मार्ग बंद झाला.

विहिरीवरची बाई

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज येथे सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात राहिल्या. या भगिनींचे लंडनजवळ फुलहॅम येथे एक घर होते. वाट चुकलेल्या, समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तिथे आसरा आणि काम मिळे. रमाबाईंनी ते पाहिले. आपल्याकडे अशा बाईला दारातही उभे करत नाहीत आणि इथे तिची सेवा करणाऱ्या बायका आहेत, याचे त्यांना नवल वाटले. कारण विचारल्यावर एका भगिनीने त्यांना योहानकृत शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. भर दुपारी विहिरीवर एकटी पाणी भरायला आलेली, गावाने दूर ठेवलेली ती बाई, आणि तिच्याशी बसून बोलणारा येशू. रमाबाईंच्या मनाने तिथे निर्णय घेतला असे म्हणता येईल. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी सगळे मुकाट्याने मान्य केले असे नाही. मठाच्या भगिनींशी आणि धर्मगुरूंशी त्यांनी वर्षानुवर्षे वाद घातला. शाकाहार सोडला नाही, पांढरे लुगडे सोडले नाही, आपली बुद्धी कोणाकडे गहाण ठेवली नाही. पुढे त्यांनी स्वतःच सांगितले की बाप्तिस्म्यानंतरची कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. १८९१ च्या सुमारास त्यांना ती दुसरी गोष्ट लाभली. आपल्या पुण्याईने देवाला बांधून घेता येत नाही, तोच आपण होऊन आपल्याला धरतो, हे त्यांना पटले.

आमच्या मते रमाबाईंच्या श्रद्धेचे मर्म इथे आहे. रानात उपाशी बसलेल्या डोंगरे कुटुंबाने देवाशी जो संबंध मानला होता तो देण्याघेण्याचा होता. आम्ही व्रत केले, आता तू पीक दे. तो करार मोडला असे वाटले तेव्हा श्रद्धाही मोडली. नंतरच्या रमाबाईंच्या श्रद्धेत अशी अट राहिली नाही. असा देण्याघेण्याचा संबंध पुष्कळ ख्रिस्ती माणसेही देवाशी ठेवतात, तेव्हा हा फरक एका धर्माचा आणि दुसऱ्याचा आहे असे आम्ही मानत नाही. हा फरक श्रद्धेच्या दोन तऱ्हांचा आहे.

शारदासदन आणि पुण्यातला वाद

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत पावणेतीन वर्षे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि ते आपल्या आईच्या स्मृतीला अर्पण केले. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. भारतात विधवांसाठी निघणाऱ्या शाळेला दहा वर्षे मदत करण्याचे तिने कबूल केले. धर्माच्या बाबतीत शाळा तटस्थ राहील असे ठरले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर शारदासदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या. त्याच पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. १८९० मध्ये सदन पुण्यास हलले. मग १८९३ चा वाद आला. रमाबाई स्वतःच्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली आपण होऊन तिथे येऊन बसत. काही मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होऊ लागला. केसरीने कडक टीका केली. रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले. वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले.

या वादात एकच बाजू खरी होती असे आम्हांला वाटत नाही. पालकांना तटस्थतेचा शब्द दिलेला होता, आणि सदनाच्या चालिकेची प्रार्थना ही कोवळ्या मुलींवर प्रभाव पाडणारी गोष्ट आहे, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण आपल्याच खोलीत आपल्या देवाची प्रार्थना दार लावून, चोरून करावी, हे रमाबाईंनी मानले नाही, त्यातही चूक दिसत नाही. झाले एवढे की पुण्याने त्यांच्याकडे पाठ फिरवली. ज्या मराठी समाजाने दहा वर्षांपूर्वी त्यांना डोक्यावर घेतले होते, त्याच्यासाठी त्या जवळजवळ परक्या झाल्या. हे परकेपण अजून पुरते सरलेले नाही.

केडगाव

दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपणार होती. पुढची तरतूद म्हणून रमाबाईंनी केडगावला शंभर एकर जमीन घेतली. फळझाडे लावायची आणि त्या उत्पन्नावर शाळा चालवायची, असा साधा हिशेबी बेत होता. देवावर भरवसा ठेवणारी बाई पुढच्या उत्पन्नाचा विचार करत नव्हती असे कोणी समजू नये.

पण झाडे फळाला येण्याआधी दुष्काळ आला. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात माणसे भुकेने मरू लागली. रमाबाईंच्या पुढे वीस वर्षांपूर्वीचे ते रान उभे राहिले असणार. त्या स्वतः तिकडे गेल्या. रस्त्यावर, दुष्काळी छावण्यांत, झाडांखाली पडलेल्या मुली आणि तरुण विधवा त्यांनी उचलून आणल्या. अशा मुलींना फसवून नेणारी माणसेही तिथे टपलेली होती. सुमारे तीनशे जणी आल्या. पुण्यात प्लेगमुळे नव्या लोकांना आणण्यास बंदी होती, म्हणून केडगावच्या उघड्या माळावर झोपड्या आणि तंबू उभे राहिले. त्याच काळात पुण्याच्या प्लेग रुग्णालयातल्या स्त्रियांच्या हालांबद्दल रमाबाईंनी वर्तमानपत्रातून सरकारला जाब विचारला, आणि तो प्रश्न इंग्लंडच्या संसदेपर्यंत गेला. गोऱ्या लोकांच्या धर्मात गेलेली बाई गोऱ्या सरकारला घाबरली नाही, हेही आपण लक्षात ठेवू.

१८९८ मध्ये त्या अमेरिकेस जाऊन आल्या. जुना करार पूर्ण झाला आणि असोसिएशनची नव्याने घडी बसली. केडगावच्या संस्थेचे नाव ठेवले मुक्ती. १९०० च्या सुमारास गुजरात आणि काठेवाडात दुष्काळ पडला, तेव्हा पहिल्या दुष्काळातून वाचलेल्या मुलीच आता कार्यकर्त्या होऊन तिकडे गेल्या. मुक्तीतली माणसे सुमारे दोन हजारांवर पोहोचली.

दोन हजार माणसांना दोन वेळा जेवू घालणे म्हणजे काय, हे ज्याने एखाद्या मंडळाच्या गणेशोत्सवात दोनशे पाने मांडली आहेत त्याला विचारावे. इथे तर रोजचे काम. कपडे, औषध, निजायची जागा, बांधकाम, बैल, चारा. पाण्यासाठी विहिरी होत्या, पण पाऊस नव्हता. संध्याकाळी विहिरींचा तळ दिसे आणि उद्याचे काय अशी कुजबुज होई. सकाळी दिवसापुरते पाणी आलेले असे. रमाबाईंनी याची नोंद करून ठेवली आहे. झरे रात्रीतून भरतात, त्यात नवल काय, असे कोणी म्हणेल. रमाबाईंनाही झऱ्याचे शास्त्र कळत होते. पण रोज सकाळी दिवसापुरते मिळते, एवढ्यासाठीही त्या देवाचे आभार मानत.

पैशांचेही तसेच. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला जॉर्ज मुलर यांनी हजारो अनाथ मुले सांभाळली. त्यांनी माणसांपुढे हात पसरला नाही, गरज प्रार्थनेत मांडली. त्यांच्या चरित्राचा रमाबाईंवर मोठा परिणाम झाला होता. १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी आपली स्थिती सांगितली आहे. रोजच्या गरजेपलीकडे एक पैसा जवळ नाही, कोणत्याही बँकेत खाते नाही, ठेव नाही, कायमचे उत्पन्न नाही, आणि तरी कशाची वाण नाही, असा त्याचा आशय आहे.

आम्हां बँकवाल्यांना हे वाचून पहिल्यांदा धडकीच भरते. असा अर्ज आमच्या टेबलावर आला असता तर आम्ही तो अर्ध्या मिनिटात परत केला असता. दोन हजार माणसांची जबाबदारी आणि शिल्लक काही नाही! आणि आम्ही आजही कोणत्या संस्थेला असा सल्ला देणार नाही. पण पंधरा-वीस वर्षे हे चालले, हा इतिहास आहे. पैसे आकाशातून पडले नाहीत. देशोदेशीच्या साध्या माणसांनी पाठवले. ते पाठवण्याची बुद्धी त्यांना वेळेवर कोण देते, यावर रमाबाईंचे उत्तर ठरलेले होते.

विश्वासूपणाला उत्तर

देव विश्वासू आहे, असे मानले तर माणसाने काय करायचे? रमाबाईंच्या आयुष्यात याचे उत्तर सापडते आणि ते बरेचसे कष्टाचे आहे.

एक तर त्यांनी ऐतखाऊपणा वाढू दिला नाही. मुक्तीत माग होते, तेलघाणा होता, गाईगुरे होती, शेती होती, शिवण होते, छापखाना होता. मुली खिळे जुळवत, छापत, पुस्तके बांधत. आंधळ्या मुली टोपल्या विणत आणि बोटांनी वाचायला शिकत. प्रार्थनेची घंटा झाली की प्रार्थना, आणि ती संपली की काम. देव पुरवतो म्हणून हात जोडून बसायचे, असे तिथे नव्हते.

दुसरे म्हणजे, जिला सगळ्यांनी सोडले तिला सोडायचे नाही, हा नियम. विधवांसाठी शारदासदन होतेच. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. म्हाताऱ्या, अपंग, आंधळ्या बायका आणि लहान मुले यांच्यासाठी वेगळी घरे झाली. दुष्काळातून आणलेल्या कित्येक मुली इतक्या खंगलेल्या होत्या की आल्यावर काही दिवसांत गेल्या. त्यांच्या बाबतीत देवाने शब्द पाळला का, हा प्रश्न उरतोच, आणि आम्ही त्याचे उत्तर देऊ शकत नाही. एवढेच दिसते की शेवटच्या दिवशी त्यांच्याजवळ कोणीतरी होते. लक्ष्मीबाईंच्या तिरडीला माणसे मिळाली नव्हती, पण केडगावात कोणी तशी गेली नाही. ख्रिस्ती माणूस देवाच्या विश्वासूपणाला कसे उत्तर देतो, याचे आमच्या वाचनातले हे सर्वांत स्पष्ट उदाहरण. आपल्याला जसे धरले गेले, तसे दुसऱ्याला धरून ठेवायचे.

तिसरे, शब्द इतरांपर्यंत नेणे. मराठी बायबल तेव्हा होते, पण त्याची भाषा खेड्यातल्या बाईला जड वाटते आणि त्यातले कित्येक संस्कृत शब्द वेगळाच अर्थ मनात आणतात, असे रमाबाईंना वाटे. मग त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून नवे, सोपे भाषांतर हाती घेतले. संस्कृतात पंडिता झालेल्या बाईने आयुष्याची शेवटची वर्षे संस्कृत शब्द टाळून, केडगावच्या शेतकरणीला कळेल असे मराठी लिहिण्यात घालवली. कान गेलेले, प्रकृती ढासळलेली, तरी रोज लिहिणे चालू. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, मुलींच्या हातून. एका व्यक्तीने, तेही एका स्त्रीने, मुळावरून केलेले हे संपूर्ण भाषांतर मराठी भाषेच्या इतिहासातही मोलाचे आहे.

शेवटची परीक्षा

मनोरमा मोठी होऊन आईच्या कामात आली होती. ती इंग्लंड-अमेरिकेत शिकली, परत येऊन मुक्तीत शिकवू लागली. गुलबर्ग्यास, म्हणजे त्या वेळच्या निजामाच्या राज्यात, मुलींसाठी शाळा निघाली तिची जबाबदारीही तिने घेतली. हैदराबादच्या मराठी माणसांना ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण या कुटुंबाचे काम आपल्या अंगणापर्यंत आले होते. आईनंतर मुक्तीची धुरा तीच वाहणार, असे सगळे धरून चालले होते.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई मिरजेच्या रुग्णालयात वारल्या. वय चाळीस. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. नावे बाजूला शेवटची आणि सर्वांत मोठी रक्कम पडली. तिरुपतीच्या रानात सुटली तशी त्यांची श्रद्धा या वेळी सुटली नाही. त्यांनी मुक्तीच्या पुढच्या व्यवस्थेकडे लक्ष दिले आणि भाषांतराची मुद्रिते तपासत राहिल्या. हे काम हातावेगळे झाले आणि थोड्याच अवधीत, ५ एप्रिल १९२२ रोजी, झोपेतच त्यांना मरण आले. संपूर्ण बायबल छापून निघाले ते १९२४ मध्ये. ते पाहायला त्या नव्हत्या.

वडिलांनी मरताना त्यांना देवाच्या हाती दिले होते. अनंतशास्त्रींच्या मनातला देव आणि रमाबाईंना पुढे सापडलेला देव यांची नावे वेगळी. हिंदू वाचकाला यात वडिलांचा शब्द मोडलेला दिसेल, ख्रिस्ती वाचकाला तो पुरा झालेला दिसेल. रमाबाईंनी मात्र वडिलांचे ते बोलणे शेवटपर्यंत जपले आणि तोच आपल्या आयुष्याचा धागा मानला.

१९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. शुक्रावरच्या एका विवराला त्यांच्यावरून मेधावी असे नाव मिळाले आहे. केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे. निराधार स्त्रिया, मुली आणि अंध यांना तिथे घर आहे. संस्थापिका जाऊन शंभरहून अधिक वर्षे झाली, दुसरे महायुद्ध झाले, राज्ये बदलली, दात्यांच्या पिढ्या बदलल्या, आणि तरी चूल पेटते आहे.

देवाच्या विश्वासूपणावर व्याख्यान देण्याचा आमचा अधिकार नाही. रमाबाईंच्या आयुष्यातून आम्ही एवढेच घेतो की ज्याला तो विश्वासूपणा मान्य आहे, त्याच्याकडे माणसांनी भरवशाने पाहावे असे त्याचे वागणे असावे. आमच्या मराठी ख्रिस्ती वाचकांनी या बाईंचे आत्मनिवेदन एकदा तरी वाचावे. इतरांनीही वाचावे. मराठी समाजाने जिला १८९३ मध्ये दाराबाहेर ठेवले, तिला निदान आपल्या वाचनात तरी परत घरात घ्यायला हरकत नाही.